घरच्या गांठोड्यावर जकात कां ?

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकांठचें गांव घ्या, नाहीं तर घाटावरचें पाण्याला पारखें झालेलें गांव घ्या. आमच्या शेतकरी व कारागीर घरांतला कर्ता मुलगा समुद्रापलीकडे गेलेला आज जागोजाग आढळतो. कोणी कुवेतला सुतारकाम करतो, कोणी मस्कतला गवंडी आहे, कोणी दुबईस गाडी चालवितो, कोणी रियाधच्या उन्हांत वेल्डिंग करतो. ही माणसें हौसेनें गेलेलीं नाहींत. वडिलार्जित जमिनीचे तुकडे झाले, गांवच्या धंद्याला गिऱ्हाईक उरलें नाहीं, म्हणून गेलीं. महिन्याच्या महिन्याला तीं घरीं पैसे पाठवितात आणि वर्षांतून एखादे वेळीं एक गांठोडें पाठवितात.

त्या गांठोड्यांत असतें तरी काय ? आईसाठीं उबदार पांघरूण, बापासाठीं पायांतला जोडा, बायकोसाठीं एखादी साडी, पोरांसाठीं रंगाची पेटी आणि धाकट्या भावाला होतील म्हणून स्वतःचे वापरलेले दोन-चार सदरे. टपालानें तें आपल्या देशांत येतें. मुंबईला आलें तर बॅलार्ड इस्टेटींतील परदेशी टपालाच्या कचेरींत कस्टमचे अंमलदार तें पाहतात, त्याची किंमत धरतात, तिच्यावर जकात बसवितात आणि मग तें गांवच्या पोस्टांत जातें. पोस्टमन दारांत उभा राहून म्हणतो, "मावशी, एवढे पैसे भरा आणि पारसल घ्या." घरची बाई विचारते, "आम्हीं हें विकत घेतलेलें नाहीं, कोणाला विकायचेंहि नाहीं. मग हे पैसे कशाचे ?" पोस्टमन बिचारा काय सांगणार ? त्याच्या हातीं कागद आहे, कागदावर आंकडा आहे. परंतु बाईचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी पोस्टमनची नसून सरकारची आहे.

कायदा काय म्हणतो तें आमच्या वाचकांनीं आधीं नीट समजून घ्यावें. पूर्वीं परदेशांतून घरच्या माणसानें पाठविलेली भेट ठराविक किमतीपर्यंत जकातीवांचून सुटत असे. १२ डिसेंबर २०१९ रोजीं सरकारच्या परराष्ट्र व्यापार खात्यानें हुकूम काढला कीं, टपालानें किंवा कुरियरनें भेट म्हणून माल सोडवून घेण्यास यापुढें बंदी. अपवाद दोनच : जीव वांचविणारीं औषधें आणि राखी. बाकी कांहींहि मागवावयाचें असेल तर पुरी जकात भरून मागवावें. २०२३ सालच्या नव्या व्यापार धोरणांतहि हा नियम तसाच राहिला. म्हणजे कायद्याच्या वहींत "भेट" हा शब्द आहे, पण त्याच्यापुढें सवलतीचा रकाना कोरा आहे.

राखीची सवलत ऐकून कोणाला वाटेल कीं, सरकारला बहीण-भावाच्या मायेची कदर आहे. पण त्या हुकुमांतले पुढचे शब्द वाचा. राखी सुटेल, राखीबरोबरची भेट सुटणार नाहीं. आणि राखी तरी कोणत्या नियमानें सुटते ? ज्या मालावरची जकात १०० रुपये किंवा त्याहून कमी भरते, ती वसूल करूं नये असें कस्टमच्या १९६२ च्या कायद्यांतच एक कलम आहे, त्या कलमाखालीं ! दोऱ्यावर जकात ती किती बसणार ? जी वसूल करणें सरकारलाच परवडत नाहीं, ती माफ करून उपकाराची पावती घेतली, एवढाच याचा अर्थ.

शिवाय ही सवलत कोणाच्या घरीं पोंचते तें पहा. बहीण परदेशीं आणि भाऊ देशीं असेल त्या घरची राखी इकडे येते. आमच्या घरांतून उलटें आहे. भाऊ आखातांत राबतो आणि बहीण गांवीं असते. तिची राखी इकडून तिकडे जाते. तिकडून इकडे येते ती भावाची ओवाळणी. राखीला माफी आणि ओवाळणीला जकात ! हा नियम लिहिणारांच्या डोळ्यांपुढें कष्टकऱ्याचें घर आलेंच नव्हतें, याला दुसरा पुरावा कशाला पाहिजे ?

आतां याच मालाला दुसऱ्या वाटेनें येऊं द्या. तोच सदरा, तेंच पांघरूण, तोच जोडा विमानानें येणाऱ्या माणसाच्या पेटींतून आला तर काय होतें ? २०१६ सालच्या सामानाच्या नियमांनीं, नेपाळ, भूतान, म्यानमार हे शेजारी सोडून इतर देशांतून येणाऱ्या आपल्या माणसाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल जकातीवांचून आणतां येऊं लागला. स्वतःचे वापरलेले कपडेलत्ते तर त्या हिशेबांत धरलेच नाहींत, ते वेगळे माफ. दोन वर्षें परदेशीं राहून कायमचा परत येणाऱ्याला घरसामानासाठीं ५ लाख रुपयांपर्यंतची सवलत ठेवली. २०२६ सालच्या नव्या नियमांनीं प्रवाशाची मर्यादा आणखी वाढविली. आम्हांला याचा हेवा नाहीं. माणूस परदेशांतून घरीं येतांना आपल्या लोकांसाठीं चार वस्तु आणतो हें सरकारला मान्य आहे, ही गोष्ट चांगलीच झाली.

पण मग आमचा प्रश्न असा : वस्तु तीच, पाठविणारा तोच, घेणारा तोच, मग पेटींतला सदरा मोकळा आणि पारसलांतला सदरा गुन्हेगार कां? कोणी म्हणेल, तुमचा सुतार सुट्टीवर येईल तेव्हां त्यालाहि ती सवलत मिळते. मिळते, हें खरें. पण तो येतो केव्हां ? आखातांतल्या पुष्कळ कामगारांचा करार दोन दोन वर्षांचा असतो. मालकानें तिकीट दिलें तर यावयाचें, नाहीं तर आई आजारी असली तरी तेथेंच डोळे पुसावयाचे. उलट, ज्याला वर्षांतून चार वेळां विमानाचें तिकीट काढण्याची ऐपत आहे त्याला चार वेळां सवलत. जेवढ्या फेऱ्या तेवढी माफी ! म्हणजे ही माफी गरज पाहून मिळत नाहीं, तिकीट पाहून मिळते. जो येऊं शकतो त्याला दार उघडें; ज्याला येतां येत नाहीं म्हणून जो गांठोडें पाठवितो, त्याच्या गांठोड्यापुढें जकातीचा नाका. टपाल ही गरिबाची वाट आहे, आणि नाका नेमका गरिबाच्या वाटेवर बसविला आहे.

जकात कशी चढते तेंहि समजून घेण्यासारखें आहे. किंमत धरतांना मालाच्या किमतींत वाहतुकीचा खर्च मिळविण्याचा नियम आहे. त्यावर मूळ जकात. मग ती जकात मिळवून जी रक्कम होते तिच्यावर वस्तुसेवाकर. म्हणजे करावर कर. समजा १०० रुपयांच्या वस्तूवर मूळ जकात १० टक्के आणि वस्तुसेवाकर १८ टक्के असला, तर आधीं ११० होतात आणि त्या ११० वर १८ टक्के म्हणजे १९ रुपये ८० पैसे. एकंदर २९ रुपये ८० पैसे झाले. व्यापाऱ्यानें हाच माल आणला तर त्याला तो वस्तुसेवाकर पुढच्या हिशेबांत वळता करून घेतां येतो. घरची बाई कोठें वळता करणार ? तिच्यापुढें दुसरें गिऱ्हाईक नाहीं. तिच्या घरांत कर येतो आणि तेथेंच मुरतो.

२०२६ सालच्या अर्थसंकल्पांत स्वतःच्या वापरासाठीं आणलेल्या जकातपात्र मालावरील मूळ जकात २० टक्क्यांवरून १० टक्के करण्याचें अर्थमंत्र्यांनीं जाहीर केलें. जें बरें झालें त्याला आम्ही बरें म्हणतों. परंतु दर खालीं आणणें वेगळें आणि हक्क मान्य करणें वेगळें. व्यापारी माल आणि घरची भेट यांत फरक आहे, हें तत्त्व २०१९ सालीं जें पुसलें गेलें तें दर कमी केल्यानें परत लिहिलें जात नाहीं.

आतां सरकारची बाजू पाहूं. ती अगदींच पोकळ नाहीं, आणि ती न सांगणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. परदेशांतल्या मोठ्या दुकानदारांनीं घरबसल्या खरेदीचा धंदा काढला आणि विकलेल्या मालाच्या पाकिटांवर "भेट" असें लिहून तो माल जकात चुकवून या देशांत लोटला. अशा मालानें मरतो कोण ? आमचाच माणूस मरतो. इचलकरंजी-मालेगांवचा मागवाला, गांवचा शिंपी, चांभार, खेळणीं करणारा कारागीर यांच्या पोटावर तो पाय येतो. त्या लबाडीला आळा घालणें जरूर होतें, आणि त्या दुकानदारांवर जकात बसली याबद्दल आमची तक्रार नाहीं. आणखी कडक बसवा, आम्ही पाठीशीं आहों.

पण ज्यानें लबाडी केली त्याला धरावयाचें कीं ज्याच्या नांवाचा त्यानें उपयोग केला त्याला ? दुकानदारानें भावाचें सोंग घेतलें, म्हणून सरकारनें खऱ्या भावालाच चौकींत बसविलें. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची गोष्ट आमच्या आजे-पणजांपासून ऐकत आलों, ती ही. दोघांना ओळखणें कांहीं अवघड नाहीं. दुकानदाराचीं हजारों पाकिटें एका वखारींतून निघतात आणि हजार दारीं जातात. घरचें गांठोडें एका माणसाकडून एका दारीं, वर्षांतून दोन-तीन वेळां जातें. दुकानदाराचा माल कोरा असतो, घरच्या गांठोड्यांत नव्याबरोबर वापरलेलेंहि असतें. कचेरींत यंत्रें आहेत, कोणाच्या नांवें किती पारसलें आलीं याचा हिशेब तीं सहज ठेवूं शकतात. शेतकऱ्याच्या कर्जाचा पैन्‌पैचा हिशेब ठेवतां येतो, मग पारसलांचा कां ठेवतां येत नाहीं ?

इतर देशांनीं काय केलें तें पहा. ब्रिटनमध्यें घरच्या माणसानें पाठविलेली ३९ पौंडांपर्यंतची भेट जकात व कर न देतां सोडण्याची रीत आहे. युरोपच्या संघांतील देशांत हीच मर्यादा ४५ युरो ठेवलेली. अमेरिकेनें २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली माफी काढून टाकली, कारण तेथेंहि परदेशी दुकानदारांच्या पाकिटांचा पूर लोटला होता. पण एवढा कडक हात फिरवितांनाहि त्यांनीं १०० डॉलरपर्यंतची खरी भेट बाजूला काढून ठेवली. व्यापाराशीं भांडण झालें तरी घराच्या दाराला खिळे ठोकूं नयेत, एवढें त्यांना उमगलें. आपल्याकडे कुटुंबाच्या नांवानें किती पोवाडे गातात ! मग कुटुंबाच्या गांठोड्याला निदान तेवढी जागा कां नसावी ?

आणखी एक विसंगति पहा. परदेशांतील आपल्या माणसांनीं २०२४ सालीं या देशांत सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले. जगांतल्या कोणत्याहि देशाला एवढी रक्कम येत नाहीं, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे. या पैशाचें सरकार कौतुक करतें, आणि करावेंच. देशाची परकी चलनाची तिजोरी त्यानें भरते. मुलानें आईला पाठविलेल्या त्या पैशावर जकात नाहीं. पण त्याच मुलानें त्याच पैशाचें पांघरूण घेऊन आईला पाठविलें कीं जकात ! घामाचा पैसा आला तर स्वागत, घामाची माया आली तर थांबवा, असा हा न्याय आहे.

आणि या न्यायाचा कळस तर पुढेंच आहे. परदेशीं मरण पावलेल्या माणसाचें वापरलेलें खाजगी व घरगुती सामान जकातीवांचून सोडण्याची तरतूद कस्टमच्या नियमांत आहे. तेथल्या भारतीय वकिलातीचा दाखला जोडावा लागतो. ज्या घरावर असा प्रसंग आला असेल त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी, दाखला मागून घ्यावा आणि ट्रंकेवर जकात भरूं नये. तरतूद योग्यच आहे. पण विचार करा : तो माणूस जिवंत असतांना आपला सदरा भावाला पाठवितो तेव्हां तो माल ठरतो, तो मेला म्हणजे तोच सदरा त्याचा सदरा ठरतो. कायद्याला माणूस ओळखण्यासाठीं त्याच्या मरणाची वाट पाहावी लागावी, ही लाजेची गोष्ट आहे.

कायदा असा गुंतागुंतीचा आणि लोकांच्या भाषेबाहेरचा असला म्हणजे त्याच्या आडोशाला ठग बसतात. "तुमच्या नांवानें परदेशांतून पारसल आलें आहे, तें कस्टमनें अडविलें आहे, अमुक खात्यांत पैसे भरा, नाहीं तर पोलीस येतील," असे फोन आज गांवोगांवीं येतात आणि भोळीं माणसें कष्टाचे पैसे भरून बसतात. वाचकांनीं हें पक्कें ध्यानांत धरावें : कस्टम खातें कोणा माणसाच्या खाजगी खात्यांत पैसे भरावयास सांगत नाहीं. टपालाच्या पारसलाची जकात पोस्टांत पावती घेऊन भरावयाची असते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

नियम बदलेपर्यंत काय करावें, तेंहि सांगतों. परदेशीं असलेल्या मुलाला कळवा कीं, पारसलावरच्या कागदांत प्रत्येक जिन्नस वेगळा लिहावा, नवा कीं वापरलेला तें लिहावें, खरी किंमत लिहावी आणि दुकानाची पावती आंत ठेवावी. जकात वांचविण्यासाठीं खोटें लिहूं नये. खोटें उघड झालें तर माल जप्त होतो आणि वर दंड बसतो. सोनें, दारू, सिगारेटी टपालानें मुळींच मागवूं नयेत. औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडावी. किंमत वाजवीपेक्षां जास्त धरली असें वाटलें, तर हिशेबाचा कागद मागावा. हुकूम मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आंत वरिष्ठ अपील अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. "सरकारी कागद आहे, तो बरोबरच असणार," ही भीति आमच्या समाजाला पुष्कळ महाग पडली आहे. आतां ती टाकून दिली पाहिजे.

आमची मागणी थोडी आणि सरळ आहे. पहिली गोष्ट, परदेशीं मजुरी करणाऱ्या माणसाला आपल्या घरीं वर्षांतून तीन पारसलें, प्रत्येकीं १०,००० रुपयांपर्यंतचीं, जकातीवांचून पाठवितां यावींत. तिन्ही मिळून ३०,००० होतात; २०१६ सालीं विमानाच्या एका फेरीला दिलेल्या सवलतीपेक्षां हें कमीच आहे. मजूर कोण हें ओळखावयाचें कसें, असें विचाराल तर त्याची नोंद सरकारपाशींच आहे. दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठराविक देशांत कामाला जातांना १९८३ च्या कायद्यानें सरकारची परवानगी घ्यावी लागली. त्याचें नांव, गांव, मालक सारें दप्तरांत लिहिलेलें आहे. अडविण्यासाठीं जी नोंद ठेवली ती सवलत देण्यासाठीं वापरा. दुसरी गोष्ट, प्रवाशाच्या पेटींतले वापरलेले कपडे जसे माफ, तसेच पारसलांतलेहि माफ असावेत. तिसरी गोष्ट, जकातीचा कागद मराठींत असावा आणि किंमत किती धरली, जकात किती, कर किती, दाद कोठें मागावी हें त्यावर स्वच्छ लिहिलेलें असावें.

ही मागणी आपोआप वर जाणार नाहीं. भेटीची बंदी व्यापार खात्याची आणि जकात अर्थ खात्याची. एकाकडे गेलें तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवील. म्हणून दोन्हीं खात्यांना अर्ज गेले पाहिजेत. ज्या गांवचीं माणसें परदेशीं आहेत त्या गांवांनीं ग्रामसभेंत ठराव करावा, आपल्या खासदाराच्या हातीं तो द्यावा आणि लोकसभेंत हा प्रश्न विचारला कीं नाहीं याचा जाब पुढच्या भेटींत घ्यावा. ज्या घरांनीं जकात भरली असेल त्यांनीं पावत्या फेकूं नयेत, एका ठिकाणीं जमवाव्यात. आपल्या गाऱ्हाण्याला कागदाचा आधार असला म्हणजे तें सहजासहजीं उडवून लावतां येत नाहीं.

एके काळीं भाजीची पाटी घेऊन मुंबईंत शिरणाऱ्या शेतकऱ्याला जकातनाक्यावर थांबावें लागे. तो नाका कायमचाच आहे असें लोक धरून चालले होते. १ जुलै २०१७ रोजीं तो उठला. नाके देवानें बसविलेले नसतात, माणसांनीं बसविलेले असतात, आणि माणसांनीं नेट लावला म्हणजे ते उठतात. घरच्या गांठोड्यापुढचा हा नाकाहि उठेल. पण बायाबापड्यांनीं दारांत विचारलेला प्रश्न दिल्लीपर्यंत नेण्याचें काम आपल्यालाच करावें लागेल. तें आजपासून करूं या.